ट्रेलरचा एसी जळला. खांबावर तीन हिरवे दिवे होते, मग हे झालं कसं?

कोरेगावकर (डॅलस)

नमस्कार मंडळी. धागा जरा लांब होणार आहे, समजून घ्या.

चार जुलैच्या सुट्टीला आई-बाबांना घेऊन पश्चिम टेक्सासात गेलो होतो. आमचा ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) २६ फुटी, तीस अँपचा, छतावर एकच एसी, १५,००० बीटीयूचा. आरव्ही पार्क (असे ट्रेलर उभे करून राहायची जागा, प्रत्येक जागेला विजेच्या सॉकेटचा एक खांब) खासगी आणि जुनं. नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची किती आणि माझी किती हेच अजून ठरत नाहीये. सुट्टीमुळे एकूण एक जागा भरलेली. बाहेर १०४ फॅरनहाइट, म्हणजे आपले चाळीस.

दुपारी साडेचारच्या सुमाराला बाबा टेबलफॅनसमोर बसले होते. म्हणाले, "पंखा दमलाय रे. व्होल्टेज पडलंय."

मी हसलो. म्हटलं, बाबा, ही अमेरिका आहे, इथं व्होल्टेज पडत नाही, दिवे बघा की, लख्ख आहेत. बाबांनी जन्मभर मास्तरकी केली, पण घरच्या विहिरीवरच्या तीन मोटरी जळलेल्या पाहिल्यात. ते काही बोलले नाहीत, नुसते पंख्याकडं बघत राहिले. तेवढ्यात आईची तक्रार, मायक्रोवेव्हमध्ये दोनदा ठेवलं तरी दूध कोमटच.

पंधरा मिनिटांनी छतावरून घुंऽऽऽ असा आवाज आला. मग टक्. दोन-तीन मिनिटं शांत. परत घुंऽऽऽ, परत टक्. असं चार-पाच वेळा झालं आणि मग एसीतून नुसती हवा यायला लागली, तीही गरम.

शेजारी मोठ्या मोटरहोममध्ये एक टेक्सन आजोबा होते. आमची धावपळ बघून ते मीटर घेऊन आले, खांबावरच्या २० अँपच्या सॉकेटमध्ये दोन्ही काड्या घातल्या आणि आकडा माझ्यासमोर धरला. १०१. आणि एक शब्द न बोलता आमचा ब्रेकर खाली पाडला.

घरी आल्यावर मेकॅनिकनं सांगितलं, कंप्रेसर गेला. नवा एसी बसवून चौदाशे डॉलरला चाट.

आता माझं दुखणं असं. ट्रेलर घेतला तेव्हाच साठ डॉलरचा सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा डबा, खांबाला लावायचा) घेतला होता. त्याच्यावर तीन दिवे असतात, तिन्ही हिरवे असले की सगळं ठीक, असं डब्यावर लिहिलंय. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत तिन्ही हिरवेच होते. मग तो डबा नेमका करतो काय? ईएमएस म्हणून जे तीनशे डॉलरचं मिळतं ते खरंच वेगळं असतं, की मोठ्या डब्यात तेच? आणखी एक, खांब मागच्या बाजूला होता म्हणून मी ५० फुटांची जादा केबल लावली होती. त्याचा काही संबंध?

ऑक्टोबरपर्यंत आई-बाबा इथेच आहेत. लेबर डेला (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी) परत निघायचंय. निदान तेवढ्यापुरतं तरी मला शहाणं करा.

---

खटपट्या (फिनिक्स)

आधी बाबांची माफी मागा, मग पुढचं वाचा. त्यांनी दोन शब्दांत केलेलं निदान तुमच्या साठ डॉलरच्या डब्याला जमलं नाही.

दिव्यांनी फसवलं त्यात तुमचा दोष नाही म्हणा. गावाकडं व्होल्टेज पडलं की बल्ब पिवळा पडतो, आपल्या डोळ्यांना तीच सवय. ट्रेलरमधले दिवे चालतात १२ व्होल्टवर, कन्व्हर्टर (१२० चे १२ व्होल्ट करणारा डबा) आणि बॅटरीच्या जिवावर. बाहेर १२० चे १०० झाले तरी कन्व्हर्टर आतला पुरवठा सांभाळून घेतो आणि दिवे तसेच लख्ख राहतात. थेट खांबाच्या विजेवर काय चालतं, तर पंखा, मायक्रोवेव्ह, एसी. तुमच्या घरात त्या दिवशी तिघांनीही तक्रार केली होती. तुम्ही बघत होतात चौथ्याकडं.

तीन हिरव्या दिव्यांचं म्हणणं एवढंच असतं की खांबाची जोडणी बरोबर आहे, म्हणजे फेज फेजच्या जागी, न्यूट्रल न्यूट्रलच्या जागी आणि अर्थ शाबूत. व्होल्ट १२१ आहेत की १०१, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आत एमओव्ही नावाच्या चकत्या असतात. वीज कडाडली किंवा लाइनवर क्षणभर जबरदस्त झटका आला की त्या तो पोटात घेतात, आणि प्रत्येक झटक्यागणिक थोड्या थोड्या झिजतात. झटका आला असता तर डब्यानं कदाचित चोख काम केलं असतं. कमी व्होल्टेज हे त्याचं खातंच नाही.

आता कंप्रेसर. गीझरचा किंवा टोस्टरचा स्वभाव गरीब असतो. व्होल्ट कमी दिले की तो करंटही कमी घेतो, पाणी उशिरा तापतं, बाकी काही बिघडत नाही. मोटर तशी नाही. तिला तेवढंच ओझं ओढायचं असतं, म्हणून व्होल्ट कमी पडले की ती करंट जास्त खेचते आणि तापते. सुरू होताना तर आणखी वाईट. मोटरचा उचलण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो. १२० चे १०१ म्हणजे व्होल्ट १६ टक्के गेले, पण जोर गेला जवळजवळ तीस टक्के. थर्मोस्टॅट कंप्रेसरला ऊठ म्हणतो, त्याला उठवत नाही, तो जागच्या जागी अडकून चालू असतानाच्या कित्येक पट करंट पितो. ते तुमचं घुंऽऽऽ. आतला ओव्हरलोड स्विच तापून सुटतो, ते टक्. जरा गार झाला की परत जोडतो. अशा प्रत्येक फेरीत वाइंडिंगचं वॉर्निश थोडं थोडं शिजतं. पहिल्या टक्-ला एसी बंद केला असता तर बहुतेक वाचला असता.

पार्कात व्होल्टेज पडतं का, तर हिशेबातच तशी सोय आहे. इथल्या इलेक्ट्रिकल कोडप्रमाणे जागा ३६ किंवा जास्त असतील तर मुख्य केबलचा हिशेब सगळ्या जागांच्या बेरजेच्या ४१ टक्क्यांवर करायला परवानगी आहे. सगळे एकाच वेळी पूर्ण लोड घेत नाहीत हे गृहीतक. ऑक्टोबरात ते बरोबर असतं. चार जुलैला दुपारी साडेचारला, चाळीस डिग्रीत, प्रत्येक छतावर एसी आणि मोठ्या गाड्यांवर दोन-दोन, तेव्हा ते कोसळतं. त्यात जुन्या पार्कांमध्ये एका खांबावरून पुढच्या खांबाला अशी माळ ओवलेली असते, शेवटच्या खांबाला उरलंसुरलं मिळतं. तुमची जागा शेवटच्या रांगेत होती का?

आणि हो, केबलचा संबंध आहे. १० गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा लहान तितकी तार जाड) तांब्याच्या तारेचा रोध हजार फुटांना साधारण एक ओहम. ५० फूट जाणं, ५० फूट येणं, झाले शंभर, म्हणजे ०.१ ओहम. २८ अँप ओढले की तीन व्होल्ट त्या केबलमध्येच गेले. आजोबांनी खांबावर १०१ मोजले म्हणजे तुमच्या एसीला ९८ पण मिळत नसतील, कारण ट्रेलरची स्वतःची केबल वेगळीच. ती जादा केबल निदान १० गेजची तरी होती ना? गॅरेजातली नारिंगी १४ गेजची असेल तर सात व्होल्ट त्यातच गेले, आणि जळाली नाही हे नशीब.

ईएमएस मात्र खरंच वेगळी चीज आहे. तो सतत व्होल्ट मोजतो आणि हद्दीबाहेर गेले की आतला काँटॅक्टर उघडून तुम्हाला खांबापासून तोडतो. प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीजच्या डब्यात ती हद्द खाली १०४ आणि वर १३२ व्होल्ट आहे. उलट पोलॅरिटी आणि तुटलेला अर्थ हेही बघतो, चूक सापडली तर आत वीज सोडतच नाही. परत जोडताना मुद्दाम सव्वादोन मिनिटं थांबतो, म्हणजे कंप्रेसरमधलं प्रेशर उतरतं आणि त्याला सुखानं उठता येतं. ह्यूजेस, साउथवायर यांचेही त्याच जातीचे डबे आहेत. मी कुणाचा एजंट नाही, विकत घेताना एवढंच विचारा की व्होल्टेज पडल्यावर हा लाइन तोडतो का. नुसते ज्यूल (झटका पोटात घ्यायची ताकद) सांगत असतील तर तो तुमच्याकडं आहेच.

हात आखडला, चहा घेऊन येतो.

---

बिनधास्त (शार्लट)

बारा वर्षं झाली ट्रेलर ओढतोय, असलं काही लावलेलं नाही. एकदाही काही झालं नाही. लोकांना घाबरवून डबे विकायचे धंदे आहेत सगळे. पार्क बघून घ्या, एवढंच.

---

मोगरा (सॅन होजे)

बिनधास्त दादा, बारा वर्षांत न्यूट्रल तुटला नाही याबद्दल तुमचं अभिनंदन. आमचा तुटला.

आमची गाडी पन्नास अँपची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तीस अँपच्या प्लगला तीन पिना, एकच १२० ची फेज, सगळं मिळून ३,६०० वॉट. पन्नासच्या प्लगला चार पिना, १२० च्या दोन फेज आणि दोघींत मिळून एक न्यूट्रल, एकूण १२,००० वॉट. लोकांना वाटतं पन्नास म्हणजे तीसपेक्षा थोडं जास्त. तिपटीहून जास्त असतं ते.

तर ओरेगनच्या वाटेवर एका पार्कात संध्याकाळी प्लग लावला. पाच मिनिटं सगळं छान. मग स्वयंपाकघरातला दिवा एकदम भगभगला. हा आम्ही घरून आणून प्लगला लावलेला साधा टेबल लॅम्प होता, १२ व्होल्टचा नव्हे. मागून टीव्हीतून फट्. मायक्रोवेव्हचं घड्याळ गेलं. तोच तो जळक्या प्लॅस्टिकचा वास. अहो धावत बाहेर गेले आणि प्लग उपटला. सॉकेटमधली न्यूट्रलची पकड सैल होऊन काळी पडलेली होती, आमच्या प्लगची ती पीनही तपकिरी. न्यूट्रल सुटला की दोन फेजांवरची उपकरणं एकापाठोपाठ एक अशी २४० वर टांगली जातात. ज्या बाजूला एसी होता तिकडं व्होल्ट पडले, ज्या बाजूला बिचारा टीव्ही एकटा तिकडं चढले. गेलं काय काय, तर टीव्ही, मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर आणि फ्रीजचा कंट्रोल बोर्ड. माझी कोथिंबिरीची वडी फ्रीजात होती, ती वेगळी.

तेव्हापासून माझी सवय सांगते. ब्रेकर पाडलेला आहे याची खात्री केल्याशिवाय प्लग लावायचाही नाही आणि काढायचाही नाही. चालू लोडवर प्लग ओढला की ठिणगी उडते, पिना खरवडतात, आणि पुढच्या माणसाला सैल सॉकेट मिळतं. सॉकेट कॅम्पिंगवाल्यांनी वर्षानुवर्षं असंच ओढून ओढून ढिलं केलेलं असतं. प्लग आत जाताना जोर लागला पाहिजे. लोण्यात सुरी जावी तसा गेला तर मी ऑफिसात जाऊन दुसरी जागा मागते. आणि तासाभरानं प्लगला हात लावून बघते. कोमट चालतो. चटका बसला तर लोड निम्मा करायचा.

दाराच्या लोखंडी पायरीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर "पाय ओले होते म्हणून" असं म्हणून सोडून देऊ नका. अर्थ तुटलेला असतो आणि गाडीचं अख्खं अंग जिवंत झालेलं असतं. पंधरा-वीस डॉलरचा पेनासारखा टेस्टर मिळतो, तारेला न लावता नुसता जवळ नेला की किरकिरतो. मी प्लग लावल्यावर आत पाय ठेवण्याआधी तो दाराजवळ नेते. मुलं अनवाणी उतरतात, त्यामुळे यात तडजोड नाही.

---

सह्यकडा (नाशिक)

मोगराताईंचं वाचून अंगावर काटा आला, कारण हे आमच्या सोसायटीत झालंय. ट्रान्सफॉर्मरवरचा न्यूट्रल गेला आणि दोन मिनिटांत पाच घरचे टीव्ही, दोन फ्रीज आणि एक वॉशिंग मशीन उडालं. आपल्याकडं २३० चं चढून ४०० च्या दिशेनं जातं, तुमच्यापेक्षा जोरात. वायरमननं येऊन एक नट आवळला. टीव्हीचे पैसे कोण देणार यावर मीटिंग अजून चालू आहे.

मी एक व्हॅन कॅम्पर करून घेतलीय. आपल्या राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ ला आलं, पण मी मुक्काम करतो तो बहुतेक ओळखीच्या शेतात किंवा एखाद्या रिसॉर्टच्या आवारात, १६ अँपच्या थ्री-पिनवर. अर्थिंग असेलच याची खात्री नसते. पण माझा प्रश्न असा की आपण इकडं घरोघरी एसीला स्टॅबिलायझर लावतो. तुम्ही अमेरिकेतली माणसं सरळ लाइन तोडून उन्हात बसायचं म्हणता. स्टॅबिलायझर का नाही लावत?

---

खटपट्या (फिनिक्स)

सह्यकडा, बरोबर नस पकडलीत. इकडं त्या स्टॅबिलायझरचा भाऊ मिळतो, त्याला ऑटोफॉर्मर म्हणतात. व्होल्टेज पडलं की तो साधारण दहा टक्के वर चढवून देतो, म्हणजे १०४ चे ११४. एसी सुखात चालतो. पण वीज कुठून जास्त आणणार? आत दहा टक्के व्होल्ट चढवले तर खांबातून तितक्या प्रमाणात करंट जास्त ओढावा लागतो. माळेतल्या शेवटच्या खांबावर तुम्ही तो लावला की तुमच्या शेजाऱ्याचे आणखी पडणार. काही पार्कवाल्यांना तो खपत नाही, आणि मला त्यांचं चुकीचं वाटत नाही. शिवाय जड आणि महाग. ज्यांना उन्हाळाभर जुन्या पार्कांतच राहायचंय त्यांनी घ्यावा, पण ईएमएसच्या जागी नाही, सोबत. कोरेगावकरांना वर्षातून चार सहली करायच्या आहेत, त्यांनी त्या भानगडीत पडू नये.

बिनधास्त, तुम्ही म्हणता तसं पार्क बघून घ्यावं हे खरं. पण बघायचं काय? मी मीटर घेऊन बघतो. ब्रेकर खाली, सॉकेटकडं नीट बघायचं, तपकिरी डाग आहे का, चीर आहे का. मग ब्रेकर वर, फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजायचं. ११४ ते १२६ असेल तर उत्तम. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच यायला हवं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये शून्याच्या आसपास. हे सगळं लोड नसताना. सकाळी अकराला १२२ दिसले म्हणून हुरळून जायचं नाही, खरी परीक्षा दुपारी चार ते सात.

तीस अँपवाल्यांसाठी एक खास इशारा. हा पार्कापेक्षा मित्राच्या घरी जास्त घडणारा घोटाळा. माझ्या एका मित्रानं न्यू जर्सीत ड्राइव्हवेत पाहुण्यांसाठी तीस अँपचं सॉकेट बसवून घेतलं. इलेक्ट्रिशियन लायसन्सवाला, माणूस चांगला. तीस अँप म्हटल्यावर त्याच्या डोक्यात आला कपड्यांचा ड्रायर, आणि ड्रायरला लागतात २४० व्होल्ट. ट्रेलरचा टीटी-३० प्लग दिसायला त्याच कुळातला, पण तो १२० चा. मी काड्या घातल्या, मीटर म्हणालं २४१. तसाच प्लग लावला असता तर आतलं १२० वर चालणारं जे जे चालू होतं ते ते गेलं असतं. त्या घरी पुरणपोळी झाली होती, आणि मी हात न धुता अर्धा तास सॉकेटपुढं उकिडवा बसलो होतो. मुद्दा: सॉकेट नवं कोरं असलं की जास्त मोजा.

कोरेगावकर, आता लेबर डेपुरतं. एकट्या तुमच्या एसीला चालू असताना १३ ते १५ अँप लागतात. गीझरचा विजेचा एलिमेंट १,४०० वॉटचा म्हणजे १२ अँप. इथेच २५ ते २७ झाले. मायक्रोवेव्ह आणखी १३. वहिनींनी इंडक्शन लावलं तर पूर्ण आचेवर १८०० वॉट, १५ अँप. तर उन्हात गीझर आणि फ्रीज गॅसवर टाका, तुमचा फ्रीज दोन्हीवर चालणारा असेल तर. कुकर सकाळी आठच्या आत. ट्रेलर सकाळपासूनच गार करून ठेवा, दुपारी तापलेला ट्रेलर गार करायला जाऊ नका. जागा मागताना ट्रान्सफॉर्मरजवळची मागा. ऑफिसात विचित्र नजरेनं बघतील, बघू दे. आणि ती ५० फुटांची केबल घरी ठेवा, ट्रेलर उलटा लावता येतो का बघा.

वादळ आलं तर? सरळ प्लग काढून ठेवा. खांबावर वीज पडली तर कुठलाही डबा वाचवत नाही.

---

कोरेगावकर (डॅलस)

बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. "दोन शब्दांत निदान" हे दोनदा वाचायला लावलं.

हो खटपट्या काका, शेवटच्या रांगेतच होतो. केबल १० गेजची होती, हे एक बरं. तीस अँपचा ईएमएस मागवलाय, खांबाला अडकवायचा. ट्रेलरच्या आत बसवायचा मिळतो तो जास्त चांगला का? बाहेरचा चोरीला जाईल अशी बायकोला भीती. दुसरं, माझ्याकडं होंडाचा छोटा जनरेटर आहे, २,२०० वाला. मित्र म्हणतो ईएमएस लावला की जनरेटर चालणार नाही. असं का?

---

खटपट्या (फिनिक्स)

आतला पावसात भिजत नाही, चोरीला जात नाही, आणि जनरेटर, खांब, मित्राचं घर, कुठूनही वीज आली तरी तपासतो. पण तो बसवायला पॅनेलमागच्या तारा उघडाव्या लागतात. बाहेरच्याचा फायदा म्हणजे ट्रेलर बदलला तरी तो तुमचाच. चोरीसाठी एक साखळी-कुलूप पुरे. लावताना मात्र आधी नुसता डबा खांबाला लावा, ब्रेकर वर करा, आकडे बघा, ई-० म्हणजे ठीक. मग ब्रेकर पाडून ट्रेलरची केबल जोडा आणि परत वर.

मित्राचं खरं आहे. त्या होंडात न्यूट्रल आणि अर्थ आतून जोडलेले नसतात, न्यूट्रल तरंगता असतो. ईएमएसला वाटतं अर्थ तुटलाय, तो ई-२ दाखवून अडून बसतो. जनरेटरच्या रिकाम्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा एक प्लग खोचला की त्याचं समाधान होतं, तो बाजारात तयार मिळतो. फक्त जनरेटरलाच हं. पार्कच्या खांबाला किंवा ट्रेलरच्या आत ही जोडणी कधीच करायची नाही, तिथे ती पार्कच्या पॅनेलकडं आधीच केलेली असते.

पण २,२०० वर तुमचा १५,००० चा एसी उठेल अशी आशा ठेवू नका. सॉफ्ट स्टार्टर (कंप्रेसरला हळूहळू उठवणारा डबा) लावला तर वेगळी गोष्ट.

---

मोगरा (सॅन होजे)

कोरेगावकर, आईंना कुकर सकाळी आठच्या आत लावायचं कोण सांगणार, ते आधी ठरवा.

---

कोरेगावकर (डॅलस)

लेबर डे करून आलो. वेगळं पार्क, पण तेही भरलेलं. मीटरवर सकाळी ११९ होते, हुरळलो नाही.

बाबांनी डब्याचा ताबा घेतला. दर तासाला चप्पल घालून खांबापाशी जायचं, आकडा बघायचा आणि माझ्याच बँकेच्या पाकिटाच्या मागे लिहायचा. सात वाजता ११९, अकराला ११६, एकला ११२, तीनला १०८, चारला १०६. चार वाजता आत येऊन म्हणाले, आता जाईल. आईला वाटलं ते म्हणजे एसी जळणार, तिनं मला हाक मारली.

पाच वाजून दहा मिनिटांनी टक् झालं, पण छतावर नाही, बाहेर. डब्यावर ई-४ (म्हणजे व्होल्टेज कमी), व्होल्ट १०३. एसी, पंखा सगळं गप. आई वैतागली, गेल्या वेळी निदान अर्धा तास तरी चालला होता म्हणाली. बाबा मात्र खुर्ची घेऊन खांबाशेजारच्या मेस्किटच्या झाडाखाली बसले. मधे दोनदा व्होल्ट वर आले, सव्वादोन मिनिटं मोजून डब्यानं जोडलं, एसी सुरू झाला की परत पडले, परत तोडलं. तिसऱ्यांदा मीच एसीचं बटण बंद केलं आणि नुसता पंखा ठेवला. सहा-पन्नासला बाबांनी खिडकीवर टकटक केली, ११३. एसी लावला, टिकला.

पाकीट जपून ठेवलंय. शेवटच्या ओळीत रात्री दहाला १२० लिहिलंय, त्यासाठी ते टॉर्च घेऊन गेले होते.

आता १५,००० बीटीयूच्या एसीला सॉफ्ट स्टार्टर स्वतः बसवला आहे असं कुणी आहे का इथे? छतावर चढायची तयारी आहे, फक्त कपॅसिटर आधी डिस्चार्ज कसा करायचा ते नीट सांगा.